समुद्राची रंगीत तालीम

प्रफुल मेश्रामांनी फुलाफुलांचा शर्ट घेतला आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. शर्ट पिवळाधमक, त्यावर फुलांमधून हिरवे माड. (माणूस अग्निशमन अधिकारी, जन्म खाकीत गेलेला. पण दुकानातल्या आरशासमोर उभा राहिला आणि पाघळला.)

"तुले समुद्र दाखवतो," असा शब्द त्यांनी रंजीताला लग्नातच दिला होता. पण शाळेला सुट्टी लागते उन्हाळ्यात, आणि आमच्या वैनगंगेकाठच्या जंगलात आगीही लागतात उन्हाळ्यातच. मोहफुलं वेचायला बरं पडावं म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, त्याला वारा लागतो, आणि प्रफुलभाऊंची रजा जळून जाते. लेक मयुरी पाचवीत गेली, तरी तिची रेतीत खेळायची बादली माळ्यावरून खाली उतरली नव्हती.

यंदा मात्र मोठ्या साहेबांनी तोंडी कबूल केलं होतं, "मे महिन्यात खुशाल जा." आता शर्ट घरात आणि समुद्र महिनाभर लांब! धीर कोणाला निघतो? रविवारी प्रफुलभाऊंनी जाहीर केलं, "चला, नदीवर रंगीत तालीम करू." ते ऑन-कॉल होते, पण नदी गावाला चिकटूनच. फोन आला की पळता येतं.

उन्हाळ्यातली वैनगंगा म्हणजे रेती चिक्कार आणि पाणी घोट्याएवढं, थोडक्यात अर्धा समुद्र तयारच. रंजीता साडी जराशी उचलून पाण्यात उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले.

"लाटेचा आवाज नाई येत जी."

प्रफुलभाऊंनी तोंडानं लाट काढून पाहिली. (पंप सुरू झाल्यासारखी निघाली.) रंजीता खिदळली, पण डोळे काही उघडेना. त्यांना फार फार वाटलं, एकदा, फक्त एकदा हिला खरी लाट दाखवता यावी.

तेवढ्यात फोन वाजला. जवळच्या वस्तीत भाताच्या तणसाचे ढीग पेटले होते.

ड्रायव्हर कोलूनं गाडी थेट नदीवरच आणली. कपडे बदलायला वेळ नव्हता आणि गाडीतला कोट नेमका धुवायला गेलेला. वर हेल्मेट, खाली गमबूट आणि मधे माड, अशा थाटात साहेब आगीवर तुटून पडले. ढीग गेले, पण त्यांना लागून असलेलं गिरजाबाई म्हातारीचं घर वाचलं.

"सायेब कुठी हाय?" म्हातारीनं विचारलं.

"हे काय, हेच! समुद्रावर सुट्टीत होते. आग म्हटलं अन् सरळ आले!" कोलूनं साहेबांची अब्रू झाकली.

इथे प्रफुलभाऊंनी "नाई" म्हणायला हवं होतं. पण म्हातारी जवळ सरकली.

"कसा असते जी समुद्र?"

असं त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"पलीकडचा काठ दिसतच नाई, बाई."

"काठ नाई? मंग नाववाले डोंगा कुठी लावते?"

"लावतच नाई. नुसतं पाहात राहाचं. लाट येते, पायाखालची रेती वढून नेते, अन् बाजूले आपली बायको खिदळत असते..." त्यांनी हेल्मेट वर करून डोळे पुसले. (धुरानं, असं ते अजूनही सांगतात.) कोणीतरी व्हिडिओ काढत होतं, तो संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरला.

आठवड्याभरात मोठ्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब मेश्रामांना ओळखत होते ते त्या व्हिडिओवरूनच. त्यांनी भर सभेत शाल आणि नारळ दिला.

"एवढ्या लांबून सुट्टी सोडून आलात! कमाल आहे."

"साहेब, ती नदी होती..."

"पाहा, किती विनय!" साहेब म्हणाले. सभेनं टाळ्या पिटल्या.

"अन् साहेब, मे महिन्यातली माझी रजा?"

"आता कशाला? तुमचं जाऊन झालं की! मे महिन्यात आपल्या फायरमन अंकुशला जाऊ दे. बिचाऱ्यानं अजून समुद्र पाहिला नाही."

प्रफुलभाऊ शाल-नारळ घेऊन घरी आले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. रंजीतानं मोबाईल घेऊन तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि शेवटपर्यंत पाहिला.

"एक सांगा जी. त्या समुद्रावर तुमची बायको खिदळून राह्यली होती म्हनता..."

"हाव, तूच ना ते!"

"मंग मलेच काऊन आठवून नाई राह्यलं?"