मन्मथप्पाचे चाळीस

आमच्या सिरसाळ्यात मन्मथप्पाशी भांडायला गेलेला माणूस बहुतेक वेळा न भांडताच परत यायचा. तुम्ही त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून आवाज चढवला की तो मान वर न करता तळहात पुढे धरायचा आणि म्हणायचा, "आधी शून्यावर या." तुम्ही गप्प होईपर्यंत तो हात खाली यायचा नाही. एकदा सरपंचाला त्याने असं उन्हात उभं केलं. माझी शेळी दुकानात घुसली तेव्हा तिलाही तेच सांगितलं. सरपंच शून्यावर आला. शेळी आली नाही, तिने त्याचा टॉवेल खाल्ला.

हे शून्य त्याच्या धंद्यातलं. मन्मथप्पा जुन्या फटफटींचे मीटर दुरुस्त करायचा. फक्त मीटर. इंजिन, क्लच, पंक्चर यांच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. गाडी उभी असताना काटा शून्यावर टेकला पाहिजे. तो टेकत नसेल तर पुढचा एकही आकडा खरा नाही, असं त्याचं म्हणणं. तेच त्याने माणसांना लावलं होतं.

मी त्याची शेजारीण. माझी पिठाची गिरणी आणि त्याचं दुकान यांच्यामध्ये एक पत्र्याची भिंत. आमचे मालक वारल्यावर गिरणी मीच चालवली. पट्टा मीच चढवायचे, दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकीही मीच लावायचे. मन्मथप्पा मूळचा धर्मापुरीचा. लग्न केलं नव्हतं. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "मला बारीक काम आवडतंय, अक्का. संसार लई ठोकळ काम हाय." मी पुन्हा विचारलं नाही.

एवढ्या नाजूक कामाला लोकांना वाटायचं हत्यारं मुंबईहून येत असतील. त्याच्या डब्यात होते दोन चहाचे चमचे, भुवया कोरायचा चिमटा, कोंबडीचं पीस आणि कानसीने घासून मुद्दाम बोथट केलेला एक स्क्रू-ड्रायव्हर. मीटरच्या काचेभोवती पत्र्याचं कडं असतं, मागच्या बाजूला दुमडलेलं. एका जागी जोर लावला की ते फाटतं. मन्मथप्पा मीटर मांडीवर धरून गोल फिरवत राहायचा आणि कडं कणाकणाने उचलायचा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, "अरे, ही तर करंजीची मुरड." त्याला ते इतकं आवडलं की पुढे गिऱ्हाइकाला सांगायचा, "बसा पावनं, करंजी उघडतो."

काटा उपटायला चमचे. काट्याच्या बुडाशी दोन्हीकडून एकेक चमचा घालायचा आणि दोन्ही सारखे दाबायचे. काटा टुणकन उडतो, म्हणून आधी त्याला दोरा बांधायचा. आत केसाएवढी बारीक स्प्रिंग असते, काट्याला मागे ओढणारी. तिच्यावरची धूळ पिसाने काढायची. बारके स्क्रू मळलेल्या पिठाच्या गोळीने उचलायचे. पीठ अर्थातच माझं.

तबकडी मात्र तो थुंकीने पुसायचा. पाण्याने आकडे जातात, थुंकीने फक्त मळ जातो, आणि तीही सकाळची, दात घासायच्या आधीची. ज्या दिवशी तबकडीचं काम असेल त्या दिवशी स्वारी दुपारपर्यंत तोंड न धुता बसायची. मी लांबूनच बोलायचे.

काट्याचा रंग उडाला असला तर लाल नेलपॉलिश लावायचा. ते तो बाजारात कासारणीकडून घ्यायचा. एकटा गडी दर महिन्याला नेलपॉलिश नेतो म्हटल्यावर कासारणीने गावभर सांगून ठेवलं होतं की मन्मथप्पानं कुठंतरी बिऱ्हाड केलंय. त्याच्या कानावर गेलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तिला सांगा, मागच्या बाटलीचा रंग फिका निघाला."

धंद्यात मात्र खोटं चालायचं नाही. नेकनूरचा एक पाहुणा बुलेटचा मीटर धोतराच्या सोग्यात बांधून आला. काटा थरथरतो म्हणून त्याने मीटरच्या वायरीला वरपर्यंत ग्रीस फासलं होतं. चाकाबरोबर वायर फिरते तसं ग्रीस वर चढतं आणि मीटरच्या पोटात जातं. मन्मथप्पाने करंजी उघडून आतला चिखल त्याला दाखवला. "पावनं, ह्याला जेवू घालायचं नसतंय." पाहुणा जाता जाता हळूच म्हणाला, गाडी विकायची आहे, तर आत आहातच, आकडे जरा मागे फिरवा. मन्मथप्पाने मीटर जसा होता तसा त्याच्या हातात दिला. "फटफटीचं वय चोरायला मी काय केस काळे करनारा हाय का?" तो माणूस थुंकीने पुसलेली तबकडी घेऊन बिनकाट्याचा नेकनूरला गेला.

आमची भांडणं व्हायची ती पिठावरून. पत्र्याच्या फटीतून पीठ उडायचं.

"अक्का, तुमची ज्वारी माझ्या स्प्रिंगवर बसली."

"मग भाकरी करून खा."

तरी तो भिंत पक्की करून घेत नव्हता, कारण त्याला माझ्या गिरणीची गरज होती. मीटर जोडून झाला की काटा नेमका बसवायला एक ठरलेला वेग लागतो. गिरणीचा दांडा मोटारीवर एकसारखा फिरतो. त्याने पूर्वी एका कोऱ्या फटफटीचा कोरा मीटर आणून दांड्याच्या टोकाला लाकडी बूच बसवलं, त्यात मीटरची वायर खुपसली आणि बघितलं तर काटा बरोबर चाळीसवर. तेव्हापासून माझी गिरणी म्हणजे चाळीस. रोज मी दळण टाकलं की तो मीटर घेऊन यायचा, वायर खुपसायचा, काटा बसवायचा. मी चाळणीपाशी बसून विचारायचे, "किती?" तो म्हणायचा, "चाळीस." दुसरे लोक रामराम करतात, आमचं हे होतं. सगळ्या भागातल्या फटफटी माझ्या गिरणीच्या चाळीसने पळायच्या आणि मला त्याचा तोरा होता. का नसावा?

मग दुष्काळ पडला. पिकं गेली, जनावरं छावणीत गेली. ज्यांच्या दारात एखादी म्हैस उरली होती त्यांचं घर दूध सोसायटीवर चालायचं. वाड्यावस्त्यांवरून पोरं फटफटीला कॅन बांधून दूध आणायची आणि सोसायटीपुढे उभ्या टँकरमध्ये ओतायची. टँकर आपल्या वेळेला निघायचा, कुणासाठी थांबायचा नाही. एकदा एका पोराने गाडी पळवली आणि कॅन रस्त्यात उपडा झाला. चेअरमनने हुकूम काढला की चाळीसच्या वर कुणी जायचं नाही आणि प्रत्येकाचा मीटर चालू पाहिजे. सगळ्यांचे मीटर त्या उन्हाळ्यात मन्मथप्पाकडे आले. त्याने ते माझ्या गिरणीवर लावून दिले.

आणि पोरांचे टँकर चुकायला लागले. थोडक्यात चुकायचे, पण चुकलेलं दूध उन्हात नासायचं आणि नासलेलं दूध सोसायटी घ्यायची नाही. सगळ्यात लांबून येणाऱ्या बब्रुवानचे कॅन जास्त वेळा परत गेले. वस्तीवरच्या बायका त्याच्या दारात येऊन बसल्या. चेअरमन म्हणाला, हा वाटेत हॉटेलात बसतो, सोमवारपासून दुसरा माणूस बघा.

बब्रुवान मन्मथप्पाच्या दुकानात आला तेव्हा मी गिरणीतच होते.

"अप्पा, तुमच्या काट्यावर चाळीस धरून येतो. कुठं थांबत न्हाई, आईशप्पत. तरी टँकर गेलेला असतोय. हे कसं काय?"

"आधी शून्यावर ये."

"शून्यावरच हाय की. सोमवारी नोकरी चाललीय."

मन्मथप्पाचा हात खाली आला. समोरचा बोलत असताना तो हात खाली आलेला मी पहिल्यांदाच बघितला. पोरगं गेल्यावर तो माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि वर टांगलेल्या बल्बाकडे बघत राहिला. बल्ब दिवसाही लालसर दिसत होता. वीज यायची तेव्हाच गावातले सगळे लोक बोअरमधलं उरलंसुरलं पाणी ओढायला मोटारी चालू करायचे आणि विजेचा दाब पडायचा.

"अक्का, गिरणी हळू चालतीय का तुमची?"

"माझी गिरणी कावून हळू चालंल? तुझा काटा बघ."

"काटा बरोबर हाय."

"मग गिरणीबी बरोबर हाय."

आता हे त्याला कळत नव्हतं असं नाही, मलाही कळत होतं. पण स्टँडवर तेव्हा नुकतीच नवी गिरणी सुरू झाली होती, कोऱ्या मोटारीची. अक्काची गिरणी कण्हती, एवढं एक वाक्य गावात सुटलं असतं तर माझ्या दारातले दळणाचे डबे दुसऱ्या दिवशी तिकडे गेले असते. म्हणून मी हटले नाही.

"परळी रोडला किलोमीटरचे दगड हायेत," तो म्हणाला. "चाळीसनं गेलं तर एका दगडापासनं दुसऱ्या दगडाला दीड मिनिट लागतंय. चला."

"मी?"

"मी काटा बघनार, रस्ता बघनार. घड्याळ कोन बघंल? दुसऱ्या कुनाला सांगायचं न्हाई मला."

चौथीपर्यंत शिकले आहे, घड्याळ कळतं. घरातलं गजराचं घड्याळ घेतलं, त्यात सेकंदाचा बारका काटा होता. पदर खोचला आणि त्याच्या फटफटीवर मागे बसले. तिचा मीटरही त्याने त्याच उन्हाळ्यात माझ्या गिरणीवर लावलेला होता. तो दिवस बाजाराचा निघाला. कासारणीने बांगड्यांच्या माळा बाजूला सारून आमच्याकडे बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, "घ्या, बाटली कुठं जात होती ते कळलं."

मी तिला ओरडून सांगितलं, "माझ्या नखाला पीठ पुरतं."

दगड आला की ओरडायचं असं ठरलं होतं. मी "दगड" म्हणून अशी ओरडले की रस्त्याकडेच्या मेंढक्याने मेंढरं आवरली. काटा चाळीसवर होता, मन्मथप्पाने सांगितलं. दीड मिनिट झालं. दगड नाही. आणखी गेलो. मग आला. मन्मथप्पा म्हणाला, वारा समोरनं होता. गाडी वळवून परत निघालो. वारा पाठीमागून, काटा चाळीसवर, आणि दगड तेवढाच उशिरा. मधेच माझ्या मांडीवर गजर झाला. मी दचकले, पण घड्याळ सोडलं नाही.

त्याने गाडी उभी केली आणि त्या दगडावरच बसला. डोक्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला, त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"म्हंजे पोरगं चाळीस समजून तेहतीसनं येतंय," तो म्हणाला. "मी लावलेल्या काट्यावर."

"वीज सरकारची हाय," मी म्हटलं.

त्याने उठून फटफटीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सोसायटीत गेला. मीही गेले. गिरणीचं नाव निघालं तर चेअरमनला दोन शब्द सुनवायची तयारी ठेवली होती. ओसरीवर दूध घालायला आलेल्या बायका, पोरं, बब्रुवान, सगळे होते. मन्मथप्पाने कुणाला शून्यावर यायला सांगितलं नाही. सरळ म्हणाला, "ह्या पोराची चूक न्हाई. काटे मी चुकीचे बसवलेत. ही सगळी पोरं चाळीस समजून हळू यायलीत."

चेअरमनला खरं वाटेना. "तुमी? आन चुकीचं? कशामुळं?"

मी पुढे सरकले.

"हात चुकला," मन्मथप्पा म्हणाला.

एवढंच. ज्या माणसाने बुलेटवाल्याचे आकडे मागे फिरवले नाहीत, तो भर ओसरीवर आपल्या हाताबद्दल खोटं बोलला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "डोळे गेले असतील, वय झालं." त्याने तेही ऐकून घेतलं. बब्रुवान कामावर राहिला. मन्मथप्पाने रस्त्यावर दगड ते दगड फिरून एकेक काटा नव्याने बसवून दिला, आणि टँकर सापडायला लागला.

त्या सकाळी सोसायटीतून परत येताना मी त्याला विचारलं, "गिरणीचं कावून न्हाई सांगितलं?"

"आधी शून्यावर या, अक्का," तो म्हणाला आणि भरभर पुढे चालायला लागला.

पुढे बरेच दिवस त्याच्या पायरीवर कुणी आलं नाही. ज्याचा हात चुकतो त्याला बारीक काम कोण देईल? माझे दळणाचे डबे मात्र जागेवर होते. दुष्काळात येतील तेवढे येत होते. दुपारी गिरणी बंद असायची. अशाच एका दुपारी तो टॉवेलात मीटर गुंडाळून दारात आला.

"आता तुला रस्त्यावर दगड हायेत की," मी म्हटलं.

"हायेत. पन ऊन लई हाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही. टॉवेलातला मीटर तोच होता. काचेच्या कडेला नेलपॉलिशचा एक ठिपका उडालेला होता, त्यावरून मी ओळखला. त्या मीटरला काही झालेलं नव्हतं. मी तसं बोलले नाही, स्टूल पुसून पुढे सरकवलं.

रिकामी गिरणी चालवत नाहीत, दगडावर दगड घासतो. मी घरातल्या कणगीतून परातभर ज्वारी आणली आणि गिरणीच्या तोंडात ओतली. बटण दाबलं. बल्ब लाल झाला, मोटार कण्हत कण्हत फिरायला लागली. त्याने वायर खुपसली आणि मीटर गुडघ्यावर धरला. मी चाळणीपाशी बसले.

"किती?"

मला तिथून काटा दिसत होता. तेहतीसच्या आसपास होता. त्याने काट्याकडे बघितलं.

"चाळीस," मन्मथप्पा म्हणाला.

"मग बस," मी म्हटलं, आणि घागरीत होतं त्या पाण्यात दोघांपुरता चहा ठेवला.