निळ्या टाचेचं बाळ

मोजणीच्या कामात आपल्याला गंडवणारा अजून जन्माला यायचाय, असं भिंग छातीठोकपणे सांगत असे. भिंग हे त्याचं कचेरीतलं टोपणनाव, आणि ते उगाच पडलेलं नव्हतं. चहात साखर कमी लागली तर चहावाल्याने ती कुठे लपवली असेल, याचा तो दुपारपर्यंत विचार करायचा! जनगणना निघाली तेव्हा म्हणूनच साहेबांनी डोंगरातलं एक आडगाव त्याच्या गळ्यात घातलं.

"तुझी सासुरवाडी ना रे ती? तरी सांभाळून," साहेब म्हणाले. "पाच वर्षांखालची तीस मुलं भरली तरच तिथला दवाखाना राहणार, नाहीतर खालच्या गावात हलणार. मागे एका गावाने पाहुण्यांची पोरं उसनी आणून दाखवली होती. माझी पार शोभा झाली!"

"साहेब, नियम मला पाठ आहे. मूल जिथे झोपतं तिथेच मोजायचं. आणि एकदाच!"

शुभस्य शीघ्रम् म्हणून त्याने शहरातलं स्वतःचं घर सगळ्यात आधी मोजून टाकलं. नवरा, बायको, मुलगा. तीन. एकदम चोख काम!

दवाखाना हलला असता तर पहिला फटका त्यालाच बसणार होता. त्याची बायको तिथेच नर्स होती. आठवडाभर वर्षाच्या लेकाला घेऊन माहेरी राहायची, भिंग रविवारी जायचा. दवाखाना गेला की तिची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मग रविवारही गेला!

"खोटं एक अक्षर लिहू नका," तिने सकाळी फोनवर बजावलं, "पण एकही मूल सुटू देऊ नका. आणि हो, बाळ आज माझ्याबरोबर दवाखान्यात आहे. आईला कामं आहेत."

गावात शिरल्यावर पहिल्याच घरात भिंगाची भुवई वर गेली. घरात आजी, आजोबा आणि हिरव्या कानटोपीतलं एक बाळ. थंडी कडाक्याची, त्यामुळे टोपीतून फक्त नाक आणि डोळे दिसत होते.

"याचे आईबाप?"

"शहरात कामाला."

दुसरं घर. आजी, आजोबा, हिरव्या टोपीतलं बाळ.

"आईबाप?"

"शहरात."

तिसऱ्या घरीही तेच! गावात वरच्या टोकाला साठीपुढची माणसं, खालच्या टोकाला दुधाचे दात, आणि मधलं सगळं गायब. झाडाला खोड नाही आणि फळं मात्र लगडलेली! शिवाय एका घरातून बाहेर पडलं की मागचं दार वाजायचं आणि कुणीतरी लगबगीने पुढच्या घराकडे पळायचं.

"अस्सं!" भिंग स्वतःशीच म्हणाला. "एकच टोपी, एकच बाळ, आणि मागच्या दाराने सहल!"

चौथ्या घरात त्याने आजीबाईंना पाणी मागितलं. त्या आत वळताच त्याने शिक्क्याच्या शाईत अंगठा बुडवला आणि बाळाच्या टाचेला निळा ठसा उठवला. आजीबाई तांब्या घेऊन आल्या. टाचेकडे पाहिलं, मग भिंगाकडे पाहिलं. तो बाहेर पडला आणि मागचं दार वाजलं!

पाचव्या घरातली आजी म्हणाली, "जरा थांबा हं, बाळाला आणते." बराच वेळ आत खुडबुड झाली. मग बाळ आलं. टाच निळी!

भिंगाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सहाव्या घरात टाच निळी, वर ओली. "शाई वाळायलासुद्धा वेळ देत नाहीत लेकाचे!" पुढच्या घरी तर दोन्ही टाचा निळ्या. घाईघाईत नेताना पायावर पाय घासला असणार, हे त्याने तत्काळ ओळखलं. प्रत्येक घरी तो गोड हसला आणि बाहेर येऊन बाळावर काट मारली.

फोन फक्त पाण्याच्या टाकीजवळ लागायचा. तिथे चढून त्याने साहेबांना गाठलं.

"साहेब, अख्ख्या गावात एकच बाळ आहे!"

"एकच?"

"एकच. पण फार फिरतं!"

"शाब्बास! मी स्वतः येतो. दवाखाना हलवायचं आजच ठरवून टाकू."

म्हणजे बायकोची बदली आता ठरलेली. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य! शेवटचं घर सासूबाईंचं. त्या ओट्यावर बसल्या होत्या आणि मांडीवर हिरव्या टोपीतलं बाळ होतं. टाच निळी!

"आई, तुम्हीसुद्धा?" भिंगाने वही मिटली.

"मी काय केलं?"

"आमचं बाळ दवाखान्यात आहे. मग हे कुणाचं आणलंत?"

तेवढ्यात बाळाने हात लांबवून त्याचा चष्मा ओढला, खिदळलं.

"बघा! किती तयार केलंय!"

सासूबाईंनी बाळाची टोपी काढली. खाली सुपासारखे पसरलेले दोन कान होते. तसे कान पंचक्रोशीत आणखी एकाच माणसाला होते आणि त्यांतून आता वाफ निघत होती.

"जावईबापू, हा तुमचा मुलगा," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "दवाखान्यात रडत होता म्हणून दुपारी घरी आणला."

"पण टाच..."

"निळा ठसा नसेल त्या पोराला पोलिओचा डोस मिळणार नाही म्हणे! तुम्ही आल्याची वर्दी द्यायला बाया सकाळपासून घरोघर धावतायत, त्यातलीच एक शेजारीण सांगून गेली. मी कपड्यांची नीळ लावली."

"आणि टोपी?"

"मीच विणल्या सगळ्यांना. हिरवी लोकर खूप उरली होती."

भिंगाला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. रविवारी ज्याला खांद्यावर घेऊन मिरवायचो, त्याला आपण ओळखलं नाही! तो तसाच दवाखान्याकडे पळाला आणि बायकोपुढे सगळं ओकून मोकळा झाला. तिने हातातलं काम ठेवलं आणि घरोघर निरोप धाडले.

साहेब पोचेपर्यंत तिने गावातली सगळी बाळं दवाखान्याच्या अंगणात जमवली. निळ्या टाचांचा नुसता बाजार भरला आणि रडण्याने कानठळ्या बसल्या! साहेबांनी कानांत बोटं घालून मोजलं.

"एकोणतीस," ते म्हणाले. "एक कमी. नाइलाज आहे, बाई."

"हा तिसावा," बायकोने आपलं बाळ पुढे केलं.

"तो... तो शहरात मोजलाय," भिंग पुटपुटला.

"कुणी?" साहेब गरजले.

"मी."

"अहो," बायकोने शांतपणे विचारलं, "बाळ झोपतं कुठे?"

"इथेच," भिंगाला कबूल करावं लागलं.

"शेवटी चोरलेलं मूल सापडलंच की रे!" साहेब पोट धरून हसले. "फक्त चोर शहरातला निघाला!"

भिंगाने खाली मान घालून शहरातल्या घरापुढचा तीन खोडला आणि तिथे एक लिहिला. दवाखाना राहिला. गावकरी आपापली नातवंडं उचलून घरी निघाले. त्या गर्दीत कुणीतरी त्याच्या हातात त्याचं बाळ दिलं. त्याने ते छातीशी घट्ट धरलं आणि कुणी पाहत नाही असं बघून हळूच टाच उलटून पाहिली.

निळीच होती. पण ती तर सगळ्यांचीच होती. म्हणून त्याने टोपी वर करून कान पाहिले.