हॅरी मरायच्या आधी

इस्माईलभाईंच्या घरी कुठलाही इंग्रजी सिनेमा मी शेवटपर्यंत पाहिलेला नाही. हॅरी मरायची वेळ आली की ते रिमोट उचलत, "खलास" म्हणत आणि टीव्ही बंद करत. मग चहा.

हा हॅरी म्हणजे अमेरिकेतला एक नट. आडनाव सांगून उपयोग नाही, तुम्ही ते ऐकलेलं नसणार. तो कायम नायकाच्या शेजारी उभा असे. कधी फौजदाराचा मदतनीस, कधी घोडे सांभाळणारा. नायकाला मारलेली गोळी इमानेइतबारे ह्यालाच लागे.

नव्वदच्या दशकात आम्ही आखातात, उम्म अल हस्सम नावाच्या वस्तीत राहत होतो. मी पुण्याचा अकाउंटंट, माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडचे इस्माईलभाई. हिद्दच्या एका गोदामात स्टोअरकीपर, बायको-मुलं गावाला. गुरुवारी संध्याकाळी व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट यायची आणि मला नि माझ्या बायकोला, सुमनला, बोलावणं यायचं.

"औंदा हॅरीला काम कमी हाय," ते काळजीने सांगत. ऐकणाऱ्याला वाटावं, चुलतभाऊ असेल. हॅरीचा बाप लोहार होता, हॅरीने आधी बूट विकले, मग ट्रक चालवला, दोन लग्नं मोडली, "तिसरा टिकला, बाई गुणाची हाय", हे सगळं त्यांना तोंडपाठ. जुन्या बाजारातून अमेरिकन मासिकं आणून डिक्शनरी मांडीवर घेऊन ते वाचत. हॅरीचं पोट सुटलं तेव्हा त्यांनी स्वतः भात कमी केला.

"भाई, पण त्या दरोडेखोरांचं पुढे काय झालं?" सुमन एकदा न राहवून म्हणाली.

"ता आपल्याला काय करायचाय, भाभी? आपला मानूस बरा हाय ना?"

पुढचं काय ते कळावं म्हणून मी तीच कॅसेट शनिवारी चोरून भाड्याने आणायचो. लायब्ररीवाल्याला माझ्या डोक्याबद्दल शंका येऊ लागली होती.

एके दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी दिसल्या. हॅरी गेला होता. खराखुरा.

आखातात गावाकडच्या मरणाची बातमी कोणी सरळ सांगत नाही. आधी "तब्येत जरा नरम आहे", मग "सीरियस आहे", मग सगळे मिळून विमानात बसवून देतात. खरं काय ते माणसाला घराच्या उंबऱ्यावर कळतं. सुमन म्हणाली, "एकदम सांगू नका हो. आधी नुसता आजारी पाडा."

मी वर गेलो. भाई बांगडे साफ करत होते.

"भाई, हॅरीची तब्येत म्हणे जरा बरी नाही."

त्यांचा हात थांबला. माझ्याकडे बघत ते म्हणाले, "कदी गेला?"

त्यांनी हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"माजा बाप गेला तवा मना पन असाच सांगितलानी. बावा जरा बरा नाय, बघून ये. मी बावासाठी संत्री घेतली. पिशवी विमानात मांडीवरच ठेवली, दबतील म्हनून. घरी पोचलो तवर लोक माती देऊन परतलेले. आमच्यात मयत थांबवत नाय, जोशीसाहेब. आनि थांबवनार तरी कोनासाठी? मी हितं. संत्री मग पोरांनी खाल्ली."

इतकी वर्षं मी त्या रिमोटला हसत होतो.

भाईंनी हॅरीची जुनी कॅसेट लावली. आम्ही दोघे पाहू लागलो. हॅरी दारूच्या गुत्त्याबाहेर पायरीवर आला, समोर बंदूकवाले उभे राहिले. सवयीने माझाच हात रिमोटकडे गेला.

"ऱ्हाव दे," भाई म्हणाले. "या टायमाला मी वक्तावर पोचलोय."

गोळी लागली. हॅरी पायरीवर बसला, मग आडवा झाला. नायकाने त्याच्याजवळ गुडघे टेकले आणि डोक्यावरची हॅट काढली.

इस्माईलभाई उठले, खुंटीवरची आपली नमाजाची पांढरी टोपी घेतली आणि डोक्यावर घातली.