लाँग पाइन सरोवरीची वॉलाय-मोहीम

ज्या समयी मिनेसोटा प्रांती पारा शून्याखाली वीस अंश उतरला आणि मर्दांच्या मिशांस बर्फ लोंबू लागले, त्या समयी लाँग पाइन सरोवरी जे रण माजले, त्याची हकीकत न वाढविता, न लपविता लिहिली, ती ऐसीजे.

राजश्री ऑर्डेल स्कोगन, टपालखात्याचे माजी हरकारे, उमर एकोणसत्तर. यांचे कुटुंब मार्लिसबाई खुब्याचे शस्त्रक्रियेनंतर सहा हप्ते अंथरुणास खिळल्या आणि अन्नावरील वासना उडाली. शेजारणींनी बटाट्याच्या परातींवर पराती रवाना केल्या, त्या तैशाच परतल्या. मग एके सकाळी बाईंनी भिंतीकडे तोंड करून फर्माविले, "वॉलाय असेल तर खाईन. दुकानातला गोठलेला नको." ऐकताच राजश्रींचे चित्ती उजेड पडला, आणि लागलीच धास्तीही बैसली, कारण चार हिवाळे जाहले, त्यांचे गळास तो वॉलाय जातीचा सरोवरातला मासा एकही लागला नव्हता.

तथापि कूच केले. घसरगाडीवर गिरमिट, बादलीत जिवंत मासोळ्या, ऐसा सरंजाम घेऊन सरोवरी दाखल जाहले आणि हातभर जाड बर्फास दोन विवरे पाडिली, आणि दोहोंवर निशाणाच्या चौकटी बसविल्या; की खाली माशाने गळ ओढिताच वर नारिंगी निशाण ताडकन उभे राहावे.

शेजारीच मेहुणे लव्हर्न यांचा डेरा. आत शेगडी, दूरदर्शन आणि मासे दाखविणारे यंत्र. खिडकी उघडून ते वदले, "काय दाजी, निशाणं लावलीत की कपडे वाळत घातलेत?"

"खिडकी लाव. ऊब जाईल तुझी."

मग एक निशाण उठले, राजश्री धावले, तो वाऱ्याचा दगा. मग दुसरे उठले, राजश्री पुनः धावले आणि मध्येच उताणे पडले, आणि पोहोचेतो गनीम मासोळी खाऊन पसार. डेऱ्यातून हास्याचा गडगडाट जाहला.

सूर्य झाडांमागे उतरला, तो निशाण तिसऱ्यांदा उठले. या खेपेस राजश्री रांगत गेले. दोरी हातांनी ओढू लागले, हातमोजे भिजले, बोटे बधिर जाहली. आणि मासा विवराचे मुखी येऊन आडवा फिरला, काचेसारखे डोळे चमकले, गळ ओठातून सुटू लागला. तेव्हा राजश्रींनी शरम सोडून हाक मारिली, "लव्हर्न! अरे, मार्लिससाठी आहे रे!"

लव्हर्न बुटांविना धावले, बाही न सारता खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला, आणि कल्ल्यांमागे धरून सव्वा हात लांब वॉलाय बर्फावर फेकिला.

"ताईला सांगू नका, मी रडलो म्हणून."

"तू रडलास?"

"पाणी गार होतं, दाजी."

त्याच सांजेस मासा लोण्यात तळिला. बाईंनी एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, मग तिसऱ्यास हात घालून विचारिले, "ऑर्डेल, मीठ कोण घालणार?"

सहा हप्त्यांत बाईंनी कोणाची चूक काढिली नव्हती. राजश्री मीठ आणावयास उठले आणि ओट्याशी, बाईंकडे पाठ करून, डोळे पुसून, अंमळ उशिराने परतले. ते समयी मोहीम पूर्ण फत्ते जाहली, ऐसे दप्तरी नमूद केले.