वाफ चालते, धूर चालत नाही

पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत कुणी आगपेटीची काडी ओढली, की थूल काका पाण्याचा मग्गा घेऊन घराबाहेर पडतात. पालापाचोळा पेटवणाऱ्याचा पालापाचोळा विझतो, गवंड्याच्या तोंडातली बिडी विझते, आणि एकदा तर माझ्या दारातली डासांची कॉइलही विझली. काका, मला विचारायचं तरी, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "धूर काय विचारून येते?"

काका एसटीच्या आगारात होते. अख्खी नोकरी डिझेलचा धूर खाण्यात गेली, आता आपला कोटा संपला, असं ते सांगतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओट्यावर पाटी लावली, 'येथे धूर करू नये', आणि खाली स्वतःचं नाव, हुद्द्यासकट. काकू होत्या तोवर बुद्धांपुढची अगरबत्तीसुद्धा खिडकीच्या गजाबाहेर खोचलेली असे. स्वतः मात्र दिवसाला तीन खर्रे खातात. तंबाखू, सुपारी, चुना, सगळं घोटलेलं. त्यावरून कुणी टोकलंच, तर एकच प्रश्न विचारतात, "त्याचा धूर निघते का?"

मागच्या हिवाळ्यात त्यांनी वरची खोली प्रतीकला भाड्याने दिली. सांगलीकडचा, तिशीचा, बियाण्याच्या कंपनीत नोकरीला. त्याच्या हातात पेनासारखी एक नळी असायची. ती ओढली की तोंडातून पांढरा लोट निघायचा आणि गल्लीभर पिकल्या आंब्याचा वास सुटायचा. या नळीवर, म्हणजे ई-सिगारेटवर, देशात बंदी आहे. पण आमचा जिल्हाच पडला दारूबंदीचा. बंदीची वस्तू येते कुठून, हे इथे सभ्य माणसं एकमेकांना विचारत नाहीत.

पहिल्या संध्याकाळी प्रतीक ओट्यावर बसून लोट सोडू लागला, तेव्हा आम्ही चार-पाच जणी काही ना काही निमित्त काढून फाटकात उभ्या राहिलो. मग्गा कधी येतो ते पाहायचं होतं. काका बाहेर आले, वाकून हुंगलं, पोराच्या हातातली नळी घेऊन उलटसुलट करून पाहिली, परत दिली आणि आपली खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. आम्हाला म्हणाले, "वाफ आहे ते. वाफ चालते, धूर चालत नाई."

धुराच्या बाबतीत काकांचा शब्द म्हणजे गल्लीत शेवटचा. ज्या वस्तूला खुद्द थूल काकांनी पास केलं, ती वाईट असेल कशी? आठ दिवसांत 'सर्दीले चांगली असते म्हणे' इथवर मजल गेली. आणि एक दिवस शाळेतून येते तर काय, समोरच्या लोहकरेबाई आपल्या तीन वर्षांच्या खोकणाऱ्या नातवाला मांडीवर घेऊन प्रतीकच्या समोर बसलेल्या! घरी वाफारा द्यायला गेलं की पोरगं रडतं, इथे आंब्याचा आहे तर गुमान बसतं, असं त्यांचं म्हणणं. प्रतीक बिचारा तोंड फिरवून जास्वंदीवर लोट सोडत होता. इकडच्या बाईमाणसाला नाही कसं म्हणावं, हे त्याला कळत नव्हतं.

माझं डोकंच सणकलं. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते, त्यामुळे चार माणसं समोर दिसली की माझा तास सुरू होतो. ही पाण्याची वाफ नव्हे, यात निकोटीन असतं, बारीक कण असतात, वासासाठी घातलेली रसायनं असतात, शेजारी बसणाऱ्याच्याही छातीत ती जातात, आणि खोकणाऱ्या लेकराला तर तिथे मुळीच बसवू नये, असं सगळं मी सुनावलं. बिडीइतकं वाईट आहे का, असं एकीने विचारलं. तितकं नसेलही, पण म्हणून ते औषध होत नाही, असं मी सांगितलं. काका सगळा वेळ खाली मान घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी गल्ली पार उलटी फिरली. लोहकरेबाईंनी नातवाला दोनदा न्हाऊ घातलं. एकीने तारेवरचे कपडे परत धुतले. एकीने तर ओट्याच्या बाजूने गेलेला दोडक्याचा वेल मुळासकट उपटला. काल औषध होतं ते आज विष झालं, कारण मधलं काही आमच्या गल्लीला झेपत नाही. प्रतीकने सगळ्यांची माफी मागितली आणि तो नळी घेऊन गच्चीवर जाऊ लागला. मी आपली खूश होते. शास्त्र जिंकलं होतं ना!

पण काका माझ्याशी बोलेनात. आठवडा गेला. त्यांच्या फाटकासमोर कुणीतरी कचरा पेटवला, तरी ते खुर्चीतून उठले नाहीत. तेव्हा मात्र मला चैन पडेना. मी गेले, आणि फाटकातूनच समजूत घातली, की काका, मनाला लावून घेऊ नका, असं कुणीही फसतं.

"फसलो नाई मॅडम," काका म्हणाले. "पह्यल्याच दिवशी मालूम होतं मले. त्या नळीवर लिहून होतं, बारीक अक्षरात. वाचलं मी."

"मग त्याच्या शेजारी का बसत होतात?"

काका म्हणाले, "ते ओढून होईपर्यंत तो बसे. अर्धा घंटा. त्याच्या मायचं सांगे, बियाण्याचं सांगे. आधी इथं डेपोतले पाच-सहा जण बसत, बिडी ओढत. मी पाटी लावली, मग्गा घेऊन मांगं लागलो. एक एक करून साऱ्याइनं येणं बंद केलं. म्हून याले वाफ म्हणलं. धूर म्हणलं असतं तं यालेबी उठवा लागलं असतं." मग हळूच म्हणाले, "लेकराले आणलं तवा बोलाले पाह्यजे होतं मी. ते चुकलंच माह्यं."

प्रतीकला खाली बोलावते, मी म्हटलं, नळी वर ठेवून येईल. त्यांनी मान हलवली. "नका सांगू. त्याले वाटन, म्हातारा संगतीसाठी भीक मांगते."

मला माझीच लाज वाटली. सहा वर्षं मी या माणसाच्या शेजारी राहते. आंब्याच्या त्या लोटात काय काय असतं ते मला पाठ होतं, आणि या ओट्यावर मी एकदाही बसले नव्हते. आताही फाटकातच उभी होते. शाळेची पिशवी खांद्यावर होती, घरी कणीक मळायची होती. मी कडी काढली आणि आत गेले.

काका गडबडून उठले. दुसरी खुर्ची कोपऱ्यात पडली होती, तिच्यावरची धूळ त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली, तिचे पाय डगमगतात का ते दाबून पाहिलं आणि माझ्यापुढे ठेवली.

"घाई तं नाई ना तुम्हाले?" त्यांनी विचारलं.

मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "नाही काका."