तीन लाल पट्ट्यांचा कम्प्युटर

अमिषाच्या कम्प्युटरने सकाळपासून तीनदा मान टाकली, आणि चौथ्यांदा टाकायच्या आत भरडखोलची लाइटच गेली. खांबांचं काम होतं. संध्याकाळी सहाशिवाय येणार नव्हती.

बुधवारी तालुक्याचं प्रदर्शन. त्यासाठी अमिषाने जवळा वाळवण्यावर पाच मिनिटांची फिल्म काढली होती, आणि तिचे तुकडे जोडायला घेतले की कम्प्युटर हँग व्हायचा. तिने बोर्ली पंचतनच्या कम्प्युटरवाल्या परेशदादाला फोन लावला.

"रॅम वाढव," परेशदादा म्हणाला. "पण आत काय काय आहे ते आधी सांग. कुठली रॅम, किती, जागा रिकामी आहे का. मी सहाच्या गाडीने मुंबईला चाललोय माल आणायला. त्याच्या आत कळलं तर उद्या घेऊन येतो. नाहीतर पुढच्या महिन्यात."

"स्क्रीनवर दोन क्लिक केले की दिसतं सगळं!" अमिषा रुबाबात म्हणाली.

"मग कर."

"लाइट न्हाय ना!"

कम्प्युटरच्या डब्यावर बाहेरून ही सगळी माहिती छापलेलं लेबल होतं. पण दर दसऱ्याला होडीच्या इंजिनासोबत कम्प्युटरचीही पूजा व्हायची, आणि आई हळदकुंकू लावायची ते नेमकं लेबलावर. आठ दसरे झाले होते. अमिषाने नखाने खरवडलं, तर हळदीबरोबर अक्षरंही निघून आली.

"एवढं काय त्यात?" बाबा, म्हणजे दयाराम तांडेल, जाळं शिवता शिवता म्हणाले. "इंजिनाचा पार्ट पायजे तर आपण काय चिठ्ठी लिहून नेतो? जुना पार्टच नेऊन दाखवतो. उचल अख्खा डबा. जीवनचा टेम्पो आपली मासळी घेऊन पनवेलला चाललाय बोर्लीवरूनच, तो देईल उतरवून. आपण मागून जाऊ स्कूटरने."

अमिषाला पटलं. तिने माशांचा मोठा थर्माकोलचा बॉक्स धुऊन आणला. आईने मात्र कम्प्युटर आधी तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत घातला आणि तोंडं सुतळीने करकचून आवळली.

"आई, तो कम्प्युटर हाय, सुकट न्हाय!"

"असूं दे. दमटपणा दोघांना सारखाच बाधतो."

बॉक्स हरवू नये म्हणून अमिषाने झाकणावर लाल रंगाने तीन ठसठशीत पट्टे ओढले. ती त्यांच्या घरची खूण. बाजारात दुरून दिसली तरी लोक म्हणत, दयारामचा माल. आपल्या हुशारीवर खूश होत तिने स्वतःच बॉक्स टेम्पोत चढवला.

"जीवनदादा, ह्यातला एक बॉक्स बोर्लीला, परेशदादाकडे!"

"व्हय गो, कळलं," म्हणत जीवनने गाडी काढली.

तासाभराने बापलेक परेशच्या दुकानात पोचले, तेव्हा तो टेबलावरच्या बॉक्सकडे कमरेवर हात ठेवून बघत होता. आत बर्फ होता, आणि बर्फावर सात पापलेटं शिस्तीत झोपली होती.

"अमिषा," परेशदादा म्हणाला, "ह्यात रॅम कुठे बसवू?"

एवढ्यात बाबांचा फोन वाजला. शेजारची आवडाबाई. "दयाराम, माझ्या लेकीला, राहीला, पनवेलला जीवनबरोबर पापलेटं पाठवलीत, ती बोर्लीपर्यंत तरी पोचली का रं?"

"पोचली," बाबा टेबलाकडे बघत म्हणाले, आणि लगेच फोन ठेवला.

जीवनला फोन लावला. तो घाटात, रेंज नाही. पुन्हा लावला. पुन्हा घाट. साडेचारला एकदाचा लागला.

"अरे, कम्प्युटर कुठं हाय?" बाबा ओरडले.

"उतरवला की बोर्लीला! गाडीत सगळे तीन पट्टेवाले, म्हंजे तुमची मासळी. एकच बिनपट्ट्याचा, म्हंजे तोच कम्प्युटर. तुमचे सगळे मी आत्ताच बाजारात सदाशेट व्यापाऱ्याकडे दिले."

बाबांनी अमिषाकडे हळूच वळून पाहिलं. अमिषा पापलेटांकडे बघू लागली. बॉक्स हरवला नव्हताच. तीन पट्ट्यांचे बॉक्स जिथे जातात, तिथेच तो इमानदारीत गेला होता. पनवेलच्या मासळी बाजारात.

"तिथं पोचल्या पोचल्या हमाल झाकणं उघडून नवा बर्फ ओततात," बाबा म्हणाले.

 अमिषाची अख्खी फिल्म त्या कम्प्युटरमध्ये होती. दुसरीकडे कुठेही नव्हती.

पाच वाजता सदाशेटचाच फोन आला. "दयाराम, वीस वर्षं तुझा माल घेतोय, पण हा मासा नवीन हाय. ना खवले, ना कल्ले. वायरची शेपटी तेवढी हाय. वर दोन घमेली बर्फ पण पडला."

"भिजला का?" अमिषाने फोन हिसकावला.

"छ्या! पिशव्या उघडता उघडता माझा घाम निघाला. आत कोरडा ठणठणीत. आमचा निकेत कम्प्युटरचंच शिकतो, तो बसलाय उघडून. काय काय माहिती पायजे ते सांग, लिहून पाठवतो म्हणाला."

पावणेसहाला फोटो आला. बाजाराच्या छापील पावतीवर निकेतने नेहमीचे रकाने भरले होते:

माल: कम्प्युटर. नग: एक. रॅम: डीडीआर थ्री, चार जीबी. खाचा: दोन, पैकी एक रिकामी. हार्ड डिस्क: पाचशे जीबी, फिल्म सुखरूप. दर्जा: शिळा, पण अजून चालेल.

परेशदादाने हसू दाबत दोनदा वाचलं. "इतकी नीट माहिती आजवर कोणी आणली नव्हती मला. कशी काढलीस?"

"आमची खूण आहे ना," अमिषा म्हणाली, "त्यामुळे."

बाबांना ठसका लागला.

परेशदादाने सहाची गाडी पकडली. कम्प्युटर उद्या जीवनबरोबर परत येणार होता. पापलेटं डिकीत घालून, आवडाबाईला काय सांगायचं याची तालीम करत बापलेक घरी आले, तर दारातच आई हसत उभी होती. आत बल्ब लखलखत होता, पंखा गरगरत होता.

"आली बघ लाइट! कर आता तुझे ते दोन क्लिक."

अमिषाने टेबलाकडे पाहिलं. स्क्रीन होती, माऊस होता, कीबोर्ड होता. फक्त कम्प्युटर पनवेलला होता, बर्फाशेजारी.