कारभारीची भरपगारी रजा

माणसं तयार करावीत तर मीच, असं मी त्रेपन्न साली जालन्याच्या आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात सगळ्यांना ऐकवत होतो. मी तिथला मॅनेजर. हैदराबादेहून पंधरा दिवसांचा कोर्स करून आलेलो. कामगारांना कसं शिकवावं, कसं वागवावं, कायदा काय म्हणतो, सगळं तोंडपाठ! हसू नका, पुढं हसायला भरपूर आहे.

आमच्याकडे येणारा कापूस कारभारी नावाचा एकटा माणूस पारखायचा. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, "कोरडा," नाहीतर, "वापस न्या." बावीस वर्षं हेच, आणि एका दिवसाची रजा नाही. उद्या हा आजारी पडला तर जिनिंगला कुलूप घालायचं का? मी 'कापूस पारखण्याचे सात नियम' अशी वही लिहिली, तीन दिवस बाकीच्या कामगारांना फळ्यावर शिकवलं, पास होईल त्याला छापील सर्टिफिकेट जाहीर केलं आणि कारभारीला आठ दिवसांची भरपगारी रजा दिली.

मालक बद्रीनाथशेठ म्हणाले, "जगन्नाथराव, करा काय करायचं ते. पण ओला माल आत आला, तर तुम्हालाबी सुट्टी. कायमची. बराबर?"

"बिलकुल," मी छाती काढून म्हणालो.

कारभारी मात्र गांगरला. "रजेत मी करू काय, साहेब?"

"काहीही करा. फक्त कापसाला हात लावायचा नाही, कापसाबद्दल बोलायचंही नाही. रजेवरच्या माणसाकडून काम घेतलं तर मला तुरुंगात टाकतात." तुरुंग मी पदरचा घातला होता. नाहीतर हा ऐकणारा माणूस नव्हे.

"माझ्यापायी तुम्हाला बेडी? मंग म्या एक शब्द बोलनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बघतो तर हा फाटकाबाहेर, लिंबाखाली! म्हटलं, घरी का नाही बसलात?

"बायकू बसू देईना, सोनूबाई. म्हनती, बसून पगार कुनी देतं का? कामावरून काढलं अन् माझ्यापासून लपवून राह्यलेत."

पहिली गाडी राजूरच्या पुंजारामची. त्यानं विचारलं, "कारभारी दिसंना कुठं?"

"रजेवर आहेत. भरपगारी."

पुंजारामचा चेहरा असा खुलला की काय सांगू! मला वाटलं, कामगारांचं कल्याण ऐकून माणसाला बरं वाटलं.

माझी पहिल्या नंबरची विद्यार्थिनी म्हणजे रुई निवडणाऱ्या बायांची मुकादम, गोजरबाई. तिनं ढिगात हात घातला. "साहेब, मला तर ओलसर लागून राह्यलाय."

"गोजरबाई, वही काय सांगते? पांढरा आहे का? आहे. चकाकतो का? चकाकतो. मग कोरडा."

"मला वाचता येत न्हाई, साहेब."

"म्हणून तर मी आहे."

तेवढ्यात बद्रीनाथशेठ मागं येऊन उभे राहिले. मी बाही सरकवली, खांद्यापर्यंत हात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "कोरडा!"

फाटकाबाहेर कारभारी ताडकन उठला, पुन्हा खाली बसला आणि त्यानं पटक्याचं टोक तोंडात कोंबलं. दाढ दुखत असेल, म्हणून मी दुर्लक्ष केलं. दुपारपर्यंत राजूरच्या आणखी पाच गाड्या आल्या. सगळे शेतकरी खुशीत आणि सगळा माल वहीप्रमाणे कोरडा.

दोन वाजता पहिलं यंत्र अडकलं, अडीचला दुसरं. शेठनी यंत्राच्या रुळाला गुंडाळलेला बोळा ओढून काढला आणि माझ्या नाकासमोर पिळला. थेंब पडले हो, थेंब! रजेची कुणकुण आधीच लागली होती, म्हणून वजन वाढवायला रातोरात पाणी शिंपडलेलं.

मी फाटकाकडे धावलो. "कारभारी, तुम्हाला कळलं होतं?"

तो आभाळाकडे बघत बसला.

"अहो, बोला की!"

"रजेवर हाय. शेठ बघून राह्यलेत. तुम्हाला बेडी पडंल."

शेवटी रजा रद्द केल्याचा कागद लिहिला, त्यावर शिक्का मारला, तेव्हा कुठं त्यानं तोंड उघडलं. "पहिल्या गाडीचे बैलच सांगत व्हते. कोरड्या कापसाच्या गाडीला एवढी धाप लागत न्हाई, साहेब."

शेठ माझ्याकडे वळले. घरी काय सांगायचं, ते मी मनात जुळवायला लागलो. तेवढ्यात कारभारी मधे आला. "शेठ, साहेबाचं म्हननं खोटं न्हाई. उद्या म्या मेलो तर कोन पारखंल? म्या शिकवतो. पन त्या वहीशिवाय."

"ठीक आहे," शेठ म्हणाले. "आठ दिवस शिकवा. आणि जगन्नाथराव, तुम्हीबी खाली बसा. तुमची नोकरी सध्या राहू द्या, ती सर्टिफिकेटं लिहायला कुणीतरी पाहिजे."

नवव्या दिवशी शेठच्या समोर परीक्षा झाली. सहा ढीग. गोजरबाईनं डोळे मिटून सहाही बरोबर सांगितले. मी डोळे उघडे ठेवून एकही नाही.

कारभारी कळवळून म्हणाला, "साहेब, मन छोटं करू नका. शेठ दिसले की तुमच्या हाताला घाम सुटतो. वल्ल्या हाताला वल्लं काय कळनार?"

गोजरबाईचं सर्टिफिकेट मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं. शेठनी मला माझंही लिहायला लावलं. नावापुढं 'नापास' घातलं आणि शिकवणाऱ्याच्या सहीच्या जागी अंगठा घ्यायला कारभारीचा हात धरला, तर शाई सगळ्या कागदावर पसरली. दुसरा कागद घेतला, तशी गोजरबाई पुढं आली. "सरका साहेब, तुम्ही हात लावू नका," असं म्हणून तिनंच त्याचा अंगठा उमटवून घेतला.